प्रमाणपत्र कोणाच्या नावावर असेल?

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात : हे पत्र एका मच्छीमार सहकारी संस्थेच्या सचिवांचे आहे. संस्थेचे सभासद लहान होड्यांतून गळ आणि तरंगत्या जाळ्यांनी किनाऱ्याजवळ मासेमारी करतात. एका निर्यातदार कंपनीने त्यांना शाश्वत मासेमारीचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र घेण्याचा प्रस्ताव दिला आहे. प्राथमिक तपासणीचा खर्च कंपनी उचलेल, प्रमाणपत्र कंपनीच्या नावावर राहील आणि मासळीला चांगला भाव मिळेल, असे तोंडी सांगण्यात आले आहे. तरुण सभासदांना ही संधी सोडायची नाही. ज्येष्ठांचे म्हणणे असे की, पिढ्यान्‌पिढ्या आपण याच पाण्यावर जगत आलो, तेव्हा आपल्या मासेमारीला बाहेरच्या माणसाने येऊन का पास करावे? सचिवांचे स्वतःचे मत तरुणांकडे झुकते. "आपण लहान आहोत, म्हणजे आपली मासेमारी शाश्वत आहेच, फक्त कागद मिळवायचा आहे," असे ते लिहितात. मात्र दोन गोष्टी त्यांना सतावतात. त्याच पाण्यात मोठ्या यांत्रिक बोटी येतात, आणि संस्थेकडे आजवरच्या पकडीची लेखी नोंद जवळजवळ नाही. पुढच्या सर्वसाधारण सभेत त्यांना उत्तर द्यायचे आहे : होकार की नकार?

सप्रेम नमस्कार,

तुम्ही होकार की नकार एवढेच विचारले आहे, तरी मी आधी तुमच्या पत्रातल्या एका वाक्यापाशी थांबणार आहे, कारण बाकी सगळा विचार त्याच वाक्यावर उभा आहे. आपण लहान आहोत, म्हणजे आपली मासेमारी शाश्वत आहेच, असे तुम्ही म्हणता. त्यामागची भावना मला पूर्ण समजते. लहान होडी, थोडे इंधन, गळाला लागेल तेवढीच मासळी आणि वादळात घरी बसणे या साऱ्यामुळे समुद्राची ओरबाड आपल्या हातून होत नाही, असे वाटणे स्वाभाविक आहे, आणि बऱ्याच अंशी ते खरेही असते. पण प्रमाणपत्र देणारी व्यवस्था मासेमारीचा आकार मोजत नाही. ती जे मोजते ते आधी नीट पाहिले, तर तुमच्या सभेतला वाद निम्म्याहून अधिक सुटेल असे मला वाटते.

या क्षेत्रातले सर्वांत परिचित प्रमाणपत्र म्हणजे मरीन स्टुअर्डशिप कौन्सिल, अर्थात एमएससीचे निळे लेबल. ही संस्था १९९७ मध्ये वर्ल्ड वाइड फंड फॉर नेचर आणि युनिलिव्हर यांच्या पुढाकारातून उभी राहिली आणि पुढे स्वतंत्र झाली. तिच्या मानकाचे तीन आधार आहेत. ज्या माशाची मासेमारी होते त्याचा साठा सुस्थितीत असावा, मासेमारीमुळे इतर जीव आणि समुद्रतळ यांची हानी होऊ नये, आणि मासेमारीवर परिणामकारक व्यवस्थापन असावे. प्रत्येक आधाराखाली अनेक निकष असतात आणि प्रत्येक निकषाला शंभरपैकी गुण दिले जातात. एकाही निकषाला ६० पेक्षा कमी गुण मिळाले तर प्रमाणपत्र मिळत नाही. तिन्ही आधारांची सरासरी स्वतंत्रपणे किमान ८० असावी लागते. एखाद्या निकषाला ६० ते ८० यांच्या दरम्यान गुण मिळाले, तर ठरलेल्या मुदतीत तेथे सुधारणा करण्याची अट घातली जाते. प्रमाणपत्राची मुदत पाच वर्षांची असते आणि मधल्या काळात दरवर्षी पाहणी होते. ही तपासणी एमएससी स्वतः करत नाही, तर मान्यताप्राप्त त्रयस्थ संस्था करते आणि तिचे शुल्क अर्जदार भरतो.

आता पहिला आधार पाहा. साठा म्हणजे तुमच्या होड्यांखालची मासळी नव्हे, तर त्या जातीचा तो सगळा समूह, मग तो कितीही दूरवर पसरलेला असो आणि त्याला कोणीही पकडत असो. तुम्ही वर्षाला त्यातला नखाएवढा हिस्सा घेत असाल, तरी मोठ्या बोटींनी तो साठा खाली आणला असेल तर तुमचे गुणही खाली येतात. ईशान्य अटलांटिकमधल्या मॅकरेलचे उदाहरण या बाबतीत फार बोलके आहे. त्या माशाची प्रमाणपत्रे मार्च २०१९ मध्ये एकदम स्थगित झाली. साठा घटत होता आणि त्यावर हक्क सांगणारी राष्ट्रे एकूण किती पकडावे यावर एकमत करत नव्हती. ज्यांचा त्या भांडणाशी काही संबंध नव्हता, अशा मच्छीमारांनाही त्याची झळ बसली. हे अन्यायाचे वाटते, आणि काही प्रमाणात तसे आहेच. पण ग्राहकाला दिलेले वचन त्या माशाविषयीचे असते, एका होडीविषयीचे नसते, हेही समजून घ्यावे लागते. तेव्हा तुमचा पहिला शोध असा असावा : आपण मुख्यतः जी एक-दोन जातींची मासळी निर्यातीसाठी देतो, तिच्या साठ्याविषयी मत्स्यसंशोधन संस्थांनी काय नोंदवले आहे? ती जात खाडीपुरती किंवा किनाऱ्यालगत राहणारी असेल, तर तुमच्या वागण्याचा साठ्यावर थेट परिणाम होतो आणि तुमचा दावा बळकट होतो. ती दूरवर स्थलांतर करणारी असेल, तर निकाल बऱ्याच अंशी तुमच्या हाताबाहेर आहे.

शिंपल्यांच्या मासेमारीला अशी प्रमाणपत्रे तुलनेने लवकर मिळाली, त्याचे एक कारण हेच असावे असे मला वाटते. व्हिएतनाममधील बेन त्रे प्रांतातील शिंपल्यांना २००९ मध्ये आणि केरळमधील अष्टमुडी सरोवरातील शिंपल्यांना २०१४ मध्ये एमएससी प्रमाणपत्र मिळाले. अष्टमुडीचे प्रमाणपत्र हे भारतातले पहिले. तिथे नव्वदच्या दशकात पकड कोसळल्यानंतर जाळ्याच्या आसाचे, म्हणजे डोळ्यांच्या आकाराचे, बंधन, प्रजनन काळातली बंदी आणि निर्यातीच्या शिंपल्याचा किमान आकार असे नियम आले होते. प्रमाणपत्र आले ते त्यानंतर, पुष्कळ वर्षांनी. हा क्रम तुमच्या सभेत आवर्जून सांगा.

दुसऱ्या आधारात तुमचे पारडे बहुधा जड राहील. गळाने समुद्रतळ खरवडला जात नाही. मात्र तरंगत्या जाळ्यांविषयी मी तितक्या खात्रीने बोलणार नाही. अशा जाळ्यांत कासवे, डॉल्फिन आणि समुद्रपक्षी अडकू शकतात, आणि तुटून वाहून गेलेले जाळे पाण्यात मासे मारत राहते. तुमच्याकडे असे किती वेळा घडते हे तुम्हालाच ठाऊक असेल. ते क्वचित घडत असेल, तरी "क्वचित" हे लिहून ठेवल्याशिवाय कोणी मानणार नाही.

तिसरा आधार व्यवस्थापनाचा, आणि माझ्या मते तुमच्या साऱ्या प्रश्नाचे मूळ इथे आहे. तुमच्या पत्रातली मोठ्या बोटींची ओळ तुम्ही जाता जाता लिहिली आहे. मी मात्र ती दोनदा वाचली. तुमच्या पाण्यात कोणी यावे आणि कोणी येऊ नये, हे ठरवण्याचा अधिकार तुमच्या संस्थेला आहे का? नसेल, तर तुम्ही पाळलेल्या संयमाचे फळ दुसराच घेऊन जाईल. स्कॉटलंडमधील लॉख टॉरिडन येथे पिंजऱ्यांनी लांगुस्टीन (शेवंडीसारखा लहान कवचधारी जीव) पकडणाऱ्या मच्छीमारांनी पिंजऱ्यांची संख्या आणि मासेमारीचे दिवस आपसांत ठरवून घेतले, आणि २००३ मध्ये त्यांना प्रमाणपत्र मिळाले. पुढे बाहेरच्या होड्या त्या पाण्याकडे वळल्या. आपसातला करार त्यांना बांधील नव्हता, एकूण मासेमारी वाढत गेली, आणि काही वर्षांनी ते प्रमाणपत्र टिकले नाही. नियम पाळणाऱ्यांनी नियम मोडला नव्हता. त्यांच्या नियमाला कायद्याचे पाठबळ नव्हते.

याच्या उलट मेक्सिकोतील बाहा कॅलिफोर्नियाच्या शेवंड पकडणाऱ्या सहकारी संस्थांचे उदाहरण आहे. त्यांना ठरावीक क्षेत्रात शेवंड पकडण्याचा एकमेव हक्क सरकारकडून मिळालेला होता. कोण किती पकडतो हे एकमेकांना दिसत होते आणि नियम मोडणाऱ्याला संस्थाच जाब विचारत होती. २००४ मध्ये त्यांना एमएससी प्रमाणपत्र मिळाले. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, प्रमाणपत्रामुळे त्यांच्या शेवंडीचा भाव फारसा वाढला नाही, पण सरकारदरबारी त्यांचे वजन वाढले. सामूहिक मालकीच्या साधनसंपत्तीवर ज्यांनी आयुष्यभर अभ्यास केला आणि ज्यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, त्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनीही हेच दाखवून दिले होते : वापरणाऱ्यांची हद्द स्पष्ट असेल, नियम त्यांनी स्वतः केलेले असतील आणि वरच्या सत्तेने त्यांचा नियम करण्याचा हक्क मानला असेल, तर समूह आपली संपत्ती चांगली राखू शकतो.

आता ज्येष्ठांकडे येतो. त्यांच्या म्हणण्याला तुम्ही थोडा अडथळा मानता असे पत्रातून जाणवले. मी तसे मानणार नाही. "बाहेरच्या माणसाने का पास करावे" हा प्रश्न अभ्यासकही गंभीरपणे विचारतात. जगातल्या एकूण मासेमारीत लहान मासेमारीचा वाटा किमान ४० टक्के आहे आणि मासेमारीवर जगणाऱ्यांपैकी सुमारे ९० टक्के लोक त्यात आहेत, असे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने इतर संस्थांबरोबर केलेल्या अभ्यासात आढळले. तरीही प्रमाणित मासळीत त्यांचा हिस्सा अगदी थोडा आहे, कारण ही व्यवस्था मुळात नोंदी, शास्त्रज्ञ आणि पैसा हाताशी असलेल्या मोठ्या मासेमारीच्या सोयीची झाली. त्याच संघटनेने २०१४ मध्ये लहान मासेमारीसाठी स्वीकारलेल्या मार्गदर्शक तत्त्वांचा रोख वेगळा आहे. तिथे मच्छीमारांचे हक्क, त्यांचे पारंपरिक ज्ञान आणि निर्णयातला सहभाग यांना अग्रस्थान आहे. म्हणून ज्येष्ठांना विचारा : कोणत्या तिथीला होड्या जात नसत? कोणत्या खडकाजवळ जाळे टाकायचे नाही असा संकेत होता? लहान मासळी परत सोडण्याची रीत कधी सुटली? ते सांगतील तो तुमचा व्यवस्थापनाचा आराखडा आहे, फक्त अजून कागदावर नाही. नोंदी तुटपुंज्या असल्या तर एमएससीच्या पद्धतीतही जोखमीवर आधारलेले मूल्यमापन करता येते आणि त्यात मच्छीमारांची माहिती बैठका घेऊन विचारात घेतली जाते. त्या बैठकीत तुमच्या बाजूने सर्वांत मोलाचे बोलतील ते हेच ज्येष्ठ.

पण आठवण आणि नोंद यांत फरक आहे, आणि नोंदवहीच्या बाबतीत मी तुम्हाला सवलत देणार नाही. कंपनीला काहीही उत्तर द्या, वही मात्र याच हंगामापासून सुरू करा. ती साधी असावी. तारीख, होडीचा क्रमांक, निघण्याची व परतण्याची वेळ, कोणत्या भागात गेलो, गळ की जाळे, जाळ्याची लांबी आणि आस, कोणती जात किती किलो, आणि शेवटचा रकाना "नको असताना सापडलेले" यांसाठी. कासव आले आणि जिवंत सोडले, तर तेही तिथेच लिहायचे. त्याशिवाय मासळी उतरवण्याच्या जागी एक लाकडी फळी ठेवा. तिच्या एका टोकाला आडवी पट्टी ठोकलेली असावी, माशाचे तोंड तिला टेकवायचे आणि शेपटीपाशी फळीवर आखलेल्या सेंटीमीटरच्या रेषेवर लांबी वाचायची. प्रत्येक होडीतले सगळे मासे मोजण्याची गरज नाही. आठवड्यातून ठरलेल्या दिवशी, मोठे-लहान न निवडता, एका टोपलीतले सगळे मासे मोजले तरी पुष्कळ कळते. सरासरी लांबी हंगामागून हंगाम घटत गेली, किंवा अंडी घालण्याच्या वयाला न पोहोचलेले मासेच जास्त येऊ लागले, तर कोणत्याही तपासनिसाच्या आधी ते तुम्हाला समजेल. जिथे एकाच होडीला तेवढीच मासळी आणायला पूर्वीपेक्षा जास्त तास लागू लागतात, तिथेही हीच वही बोलते. लाज वाटावी असे आकडे आले तरी ते खोडू नका. ते खोडले तर वहीचा उपयोग संपतो.

हे मोजमाप कोण करणार, हेही सभेत ठरवा. मासळी उतरते तिथे निवडणे, वजन करणे आणि विकणे हे काम पुष्कळ ठिकाणी स्त्रिया करतात. लहान मासेमारीच्या साखळीत दर दहा माणसांमागे चार स्त्रिया असतात, असे वर उल्लेखलेल्या अभ्यासात दिसले आहे. तरीही सभासदांच्या यादीत नाव होडीच्या मालकाचे असते. तुमच्याकडे असे असेल, तर ज्यांच्या हातून प्रत्येक मासा जातो त्यांना या सभेला मताधिकारासह बोलवा. निर्यातीच्या करारामुळे आवारातल्या विक्रीला मासळी कमी पडणार असेल, तर त्याचा पहिला फटका त्यांनाच बसेल, आणि हे त्यांच्याशिवाय दुसरे कोणी त्या सभेत बोलणार नाही.

आता भावाविषयी. एमएससीचे मानक मासळीचा भाव ठरवत नाही, आणि जास्त भाव देण्याचे बंधन कोणावरही घालत नाही. लेबल लावून मासळी विकायची तर उतरवण्यापासून शेवटच्या विक्रेत्यापर्यंत प्रत्येक हाताला चेन ऑफ कस्टडीची वेगळी तपासणी लागते, म्हणजे प्रमाणित आणि अप्रमाणित मासळी मिसळली जात नाही याची खात्री करावी लागते. या वाटेवर वाढीव पैसा कुठे थांबेल हे करारावर अवलंबून असते. भाव वाढणारच नाही असे मी म्हणत नाही. तो लेखी नसेल तर तो तुमचा नाही, एवढेच म्हणतो. फेअर ट्रेड यूएसए या संस्थेने २०१४ मध्ये सागरी मासेमारीसाठी आणलेले मानक या बाबतीत वेगळे आहे. तिथे खरेदीदार ठरावीक अधिमूल्य, म्हणजे भावाशिवायची जादा रक्कम, मच्छीमारांच्या निधीत जमा करतो आणि ते कशावर खर्च करायचे हे मच्छीमारांची समिती ठरवते. हाताच्या गळाने टुना पकडणारे इंडोनेशियातील मच्छीमार त्यात सर्वांत आधी सामील झाले. तुमचा खरेदीदार कोणत्या देशात विकतो, यावर कोणते प्रमाणपत्र उपयोगाचे हे ठरेल, आणि हा प्रश्न तुम्ही त्याला अजून विचारलेला दिसत नाही.

प्रमाणपत्र कंपनीच्या नावावर ठेवणे मला सर्वांत जास्त खटकले. ज्याच्या नावावर प्रमाणपत्र, त्याच्या संमतीने ते वापरता येते. वही तुमची, शिस्त तुमची, अटी पूर्ण करण्याचे कष्ट तुमचे, आणि उद्या कंपनीशी बिनसले तर दुसऱ्या खरेदीदाराला प्रमाणित मासळी विकता येणार नाही, असे होऊ शकते. मालदीवचे उदाहरण इथे उपयोगी पडेल. तिथल्या काठी-गळाने पकडलेल्या स्किपजॅक टुनाला २०१२ मध्ये प्रमाणपत्र मिळाले, तेव्हा साठ्यासाठी पकडीचा नियम, म्हणजे साठ्याच्या स्थितीनुसार किती पकडायचे याचा नियम, ठरवण्याची अट त्यासोबत आली. ती अट एकटा मालदीव पूर्ण करू शकत नव्हता, कारण तो साठा साऱ्या हिंदी महासागराचा आहे. मग तीच अट हाती धरून पाठपुरावा होत राहिला आणि २०१६ मध्ये हिंदी महासागर टुना आयोगाने स्किपजॅकसाठी तसा नियम स्वीकारला. प्रमाणपत्राच्या अटीचा असा जोर लावता येतो, आणि प्रमाणपत्र मच्छीमारांच्या हातात असेल, तर तो आपल्या प्रश्नासाठी त्यांना स्वतः लावता येतो. तुमच्या बाबतीत हा जोर मत्स्यव्यवसाय खात्यासमोर, त्या मोठ्या बोटींच्या प्रश्नावर लावता यायला हवा.

एवढे सगळे पाहिल्यावर माझे मत असे आहे : पूर्ण प्रमाणपत्राला आज होकार देऊ नका, पण कंपनीला नकारही कळवू नका. फक्त पूर्वमूल्यांकनाला होकार द्या. ही प्राथमिक तपासणी असते, तिचा अहवाल गोपनीय ठेवता येतो आणि कोणत्या निकषावर तुम्ही कुठे उभे आहात हे तिच्यातून कळते. कंपनी खर्च करायला तयार आहेच, तर तो तिने करावा. मात्र त्याआधी काही गोष्टी लेखी घ्या. अहवालाची पूर्ण प्रत संस्थेला तुमच्या भाषेतल्या सारांशासह मिळेल. पुढे प्रमाणपत्र घेतलेच, तर ते संस्थेच्या किंवा संस्था व कंपनी यांच्या संयुक्त नावावर असेल. दरवर्षीच्या पाहणीचा आणि पाच वर्षांनंतरच्या फेरतपासणीचा खर्च कोण करील, हे आत्ताच ठरेल. वाढीव भाव किती आणि कोणत्या बाजारभावाच्या वर, हे लिहिले जाईल. कंपनीने मध्येच माघार घेतली तर नोंदी आणि अहवाल संस्थेकडेच राहतील. एखादी कंपनी यावर सही करायला तयार नसेल, तर तिच्या तोंडी आश्वासनाची किंमत तुम्हाला तेव्हाच कळेल.

अहवालात काही निकष ६० च्या खाली आले, तर खचून जाऊ नका. अशा वेळी मत्स्यव्यवसाय सुधारणा प्रकल्प नावाची मधली वाट उपलब्ध असते. त्यात कोणती उणीव कोण, कधीपर्यंत भरून काढणार याचा आराखडा जाहीर केला जातो आणि अनेक मोठे खरेदीदार त्या प्रगतीच्या आधारावरही मासळी घेतात. आणि तुमची बहुतेक मासळी जवळच्याच बाजारात जात असेल, तर आंतरराष्ट्रीय लेबलाची गरजच कितपत आहे, हेही मोकळेपणाने तपासा. सेंद्रिय शेतीत शेतकरी आणि ग्राहक मिळून एकमेकांच्या शेतांची पाहणी करतात आणि त्यावर विश्वासाची हमी उभी राहते. सहभागी हमी या नावाने ओळखली जाणारी ही पद्धत थोड्या खर्चात मासेमारीतही आणता येण्याजोगी आहे.

तुमच्यासारखा प्रस्ताव ज्या इतर संस्थांसमोर आला आहे, त्यांनाही मी हाच क्रम सुचवीन : आधी वही आणि लेखी नियम, मग त्या नियमांना खात्याची मान्यता, आणि त्यानंतर प्रमाणपत्र. सर्वसाधारण सभेत तीन ठराव वेगवेगळे मांडा. नोंदवही याच हंगामापासून सुरू करण्याचा पहिला, ज्येष्ठांनी सांगितलेले संकेत लिहून काढून संस्थेचे नियम म्हणून मत्स्यव्यवसाय खात्याकडे पाठवण्याचा आणि मोठ्या बोटींविरुद्ध संरक्षण मागण्याचा दुसरा, आणि वरच्या अटींसह पूर्वमूल्यांकनाला होकार देण्याचा तिसरा. तिन्हींना एकत्र मत मागितलेत, तर प्रमाणपत्राच्या वादात वहीसुद्धा बुडेल.